खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळूवर पुन्हा पुन्हा थर येतो तेव्हा: ओळख, कारणे आणि वाळूची निगा

समुद्री मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांकडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार वाळूविषयीची असते. रविवारी सायफन लावून वाळू स्वच्छ करावी, सोमवारी-मंगळवारी ती पांढरी दिसावी आणि बुधवार उजाडेपर्यंत तिच्यावर पुन्हा तपकिरी किंवा गर्द लाल थर चढलेला असावा, असे महिनोन्‌महिने चालते. अशा वेळी बहुतेक जण सफाई वाढवतात. आठवड्यातून एकदा होती ती दोनदा करतात, वरवर होती ती तळापर्यंत नेतात. काही थरांवर हा उपाय चालतो, काहींवर त्याचा तात्पुरताच परिणाम होतो, आणि एका प्रकारात तर सफाई व पाणीबदल यांमुळेच दुखणे बळावते. म्हणून वाळूला हात लावण्याआधी तो थर नेमका कशाचा आहे हे ठरवणे ही या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

पुढील मजकूर शंभर ते चारशे लिटरच्या घरगुती टाक्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. अशा टाक्यांत बहुधा अरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वाळू दोन ते पाच सेंटीमीटर जाडीने पसरलेली असते. त्याहून खोल थराचे नियम वेगळे आहेत आणि ते शेवटाकडे येतील.

थर कशाचा आहे?

वाळूवर वारंवार येणारे थर मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला डायटमचा, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळाचा. तो पिठासारखा, सारखा पसरलेला, फिकट ते मध्यम तपकिरी असतो. बोटाने किंवा नळीने हलवला की धुळीसारखा उडतो आणि बहुतेक वेळा काचेवरही तसाच दिसतो. दुसरा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा. हा गर्द लाल, किरमिजी किंवा कधी निळसर हिरवा असतो आणि त्याची सलग साय धरते. तिची कड नळीने उचलली तर चादर निघावी तशी ती तुकड्यांनी निघते, आणि दुपारनंतर तिच्याखाली ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले दिसतात. तिसरा डायनोफ्लॅजेलेटचा, म्हणजे शेपटीसारख्या धाग्यांनी हालचाल करणाऱ्या एकपेशीय जीवांचा. तो तपकिरी असल्यामुळे डायटम समजून फसगत होते. पण त्याला बुळबुळीतपणा असतो, त्याच्या तारा वर उभ्या राहतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक-एक बुडबुडा लटकलेला असतो. टाकीतील गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या किंवा मरू लागल्या, तर तिसऱ्या प्रकाराचा संशय दाट होतो, कारण यांतील काही जाती विषारी असतात.

दोन तपकिरी थरांतील फरक डोळ्यांनी ठरत नसेल तर घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. ड्रॉपरने थर थोड्या टाकीच्याच पाण्यासह ओढून घ्यावा, झाकणाच्या लहान बाटलीत घालून मिनिटभर जोरात हलवावा, म्हणजे चिकट तारा तुटून सुट्या होतात. नंतर ते पाणी कॉफी गाळण्याच्या कागदातून एका पारदर्शक पेल्यात गाळावे आणि पेला टाकीच्या दिव्याखाली तासभर न हलवता ठेवावा. डायनोफ्लॅजेलेटच्या सुट्या पेशी कागदातून खाली उतरतात आणि उजेडात पुन्हा एकमेकींना चिकटून बुळबुळीत धागे तयार करतात. तासाभराने पेल्यात असे तपकिरी धागे तरंगताना दिसले तर ओळख पटली असे समजावे. पाणी स्वच्छच राहिले तर डायटमची शक्यता अधिक. ज्यांना शाळा-महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक वापरता येईल त्यांनी ४०० पट विशालनावर एक थेंब अवश्य पाहावा. डायटमची कवचे नौकेसारखी किंवा काडीसारखी, रेखीव आकाराची दिसतात, सायनोबॅक्टेरियाचे लांब एकसारखे धागे दिसतात, आणि ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा डायनोफ्लॅजेलेट थेंबाच्या आकाराचा असून जणू खुंटीला बांधल्यासारखा एकाच जागी गोल गोल फिरतो. अँफिडिनियम हा दुसरा नेहमीचा प्रकार असा फिरत नाही, तो वाळूच्या कणांमधून संथपणे सरकतो. या दोघांतील फरक उपचाराच्या वेळी उपयोगी पडतो.

तपकिरी पिठासारखा थर आणि पाण्यातील सिलिका

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत डायटम येतातच. त्यांचे कवच सिलिकाचे असते; नव्या वाळूतून, दगडांतून आणि पाण्यातून आलेले सिलिकेट संपले की ते आपोआप ओसरतात. त्यासाठी वाळू ढवळण्याची किंवा औषध घालण्याची काहीही गरज नाही. खरा प्रश्न वर्षभर जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत डायटम परत येतात तेव्हाचा आहे, आणि महाराष्ट्रात हे बहुधा मार्च ते जूनच्या दरम्यान घडते.

त्याचे कारण टाकीत नसून नळात असते. पुण्याच्या उपनगरांत आणि इतरही अनेक शहरांत उन्हाळ्यात सोसायट्यांना पालिकेचे पाणी पुरत नाही आणि टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपलेल्या भूजलात विद्राव्य सिलिका चांगल्या प्रमाणात असते. घरातील आर.ओ.-डी.आय. संच (आर.ओ.चे मेंब्रेन, म्हणजे पडदा, आणि त्यानंतर आयन धरणारे डी.आय. रेझिन यांतून पाणी शुद्ध करणारा) हिवाळ्यात धरणाचे पाणी सहज शुद्ध करत असतो. त्याच संचावर आता कित्येक पट अधिक सिलिका येऊन पडते. येथे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) दाखवणारे मीटर आपली दिशाभूल करते. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते, आणि सिलिका पाण्यात मुख्यतः सिलिसिक आम्लाच्या रूपात असते, जे इतके दुर्बल आम्ल आहे की त्याचे आयन जवळजवळ सुटतच नाहीत. शिवाय डी.आय. रेझिन सिलिकाला इतर आयनांपेक्षा सैल धरून ठेवते, त्यामुळे रेझिन थकू लागले की सर्वांत आधी सिलिकाच निसटते. परिणामी मीटर ०० दाखवत असते आणि त्याच वेळी सिलिका टाकीत उतरत असते.

हे प्रमाण दिसते त्यापेक्षा मोठे आहे. मध्यम आकाराच्या, वर उघड्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी वाफेने उडते. ते आपण रोज भरतो, म्हणजे महिन्याला ६० ते ९० लिटर नवे पाणी आत जाते, आणि वाफेबरोबर सिलिका बाहेर जात नाही. आठवड्याच्या पाणीबदलापेक्षा हे भरणेच डायटमना अधिक खाद्य पुरवते. म्हणून सिलिकेटची चाचणी टाकीच्या पाण्यावर करण्याऐवजी डी.आय.मधून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर करावी. टाकीतील सिलिकेट डायटम लगेच शोषून घेत असल्याने तेथील आकडा खोटा दिलासा देतो.

उपाय तसा सरळ आहे. मेंब्रेनच्या आधीचा आणि नंतरचा टीडीएस मोजावा. नंतरचा आकडा आधीच्या दोन ते पाच टक्क्यांपेक्षा बराच जास्त असेल तर मेंब्रेन तरी जुने झाले आहे किंवा पाण्याचा दाब कमी पडतो आहे. गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी बहुतेक इमारतींत पुरेशा दाबाने येत नाही, तेव्हा बूस्टर पंप लावावा. डी.आय. रेझिनची एकाऐवजी दोन नळकांडी एकापुढे एक जोडावीत आणि पहिले थकले की दुसरे पुढे सरकवून नवे मागे लावावे. उन्हाळ्यात रेझिन बदलण्याचा काळ निम्मा धरावा. आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. स्वयंपाकघरातील पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र समुद्री टाकीसाठी वापरू नये. त्यांपैकी बहुतेकांत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, जो आर.ओ. न झालेले थोडे पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो, आणि कित्येकांत खनिजांचे नळकांडेही असते. त्या पाण्याने टाकी भरली तर डायटम कधीच संपणार नाहीत.

समुद्राचे पाणी आणून वापरणारेही कोकण किनाऱ्यावर आहेत. पावसाळ्यात नद्या गाळाबरोबर सिलिकेट आणि पोषकद्रव्ये समुद्रात ओततात आणि किनाऱ्याजवळची क्षारताही खाली येते. त्या महिन्यांत तरी हे पाणी टाळलेलेच बरे. किनाऱ्यावरील वाळू तर मुळीच आणू नये. कोकणातील पुळणींची वाळू बव्हंशी क्वार्ट्झ आणि जड खनिजांची आहे, रत्नागिरीच्या परिसरात तर तिच्यात लोह आणि टायटॅनियमयुक्त इल्मेनाइट सापडते. प्रवाळांच्या भुग्यापासून बनलेल्या अरॅगोनाइटशी तिचे काहीच साम्य नाही, आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत ते वेगळेच.

लाल साय: प्रवाह आणि पोषण

सायनोबॅक्टेरिया वाळूच्या ज्या भागावर येतात तो भाग नीट पाहिला तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. दगडांच्या मागे, कोपऱ्यांत, दोन वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपांच्या) प्रवाहांच्या मधल्या निवांत पट्ट्यात ते आधी दिसतात. खाण्याचा चुरा आणि माशांची विष्ठा तेथेच साचते. थोडी विष्ठा किंवा भिजवलेल्या पेलेट खाद्याचा चुरा पाण्यात सोडून तो कोठे जाऊन बसतो हे पाच मिनिटे पाहावे, म्हणजे टाकीचा मृत प्रवाहाचा नकाशाच समोर येतो. वेव्हमेकरचे तोंड दहा-पंधरा अंश फिरवणे, त्याला मागील काचेवरून बाजूच्या काचेवर नेणे किंवा एखादा दगड हलवून वाट मोकळी करणे एवढ्यानेच कित्येक टाक्यांतील लाल साय महिन्याभरात नाहीशी होते. वाळू साखरेसारखी बारीक असेल तर मात्र जोराच्या प्रवाहाने ती उडून काच उघडी पडते. म्हणूनच नव्याने टाकी मांडणाऱ्यांनी एक ते दोन मिलिमीटर कणांची वाळू घ्यावी असा माझा आग्रह असतो.

प्रवाह सुधारूनही साय परत येत असेल तर नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावेत. येथे अनेकांचा गैरसमज असतो की लाल साय म्हणजे पाणी घाण. कित्येकदा नायट्रेट शून्याजवळ गेलेले आणि फॉस्फेट मात्र शिल्लक असते, आणि सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून आपले पोषण मिळवू शकतात. त्यामुळे बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी राहतात आणि यांना रान मोकळे मिळते. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या दरम्यान राखणे हे दोन्ही शून्यावर नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळणीत धुऊन मगच घालावे. त्याच्या पाण्यात फॉस्फेट असते. खिडकीतून टाकीवर ऊन येत असेल तर पडदा लावावा.

या थरावर सफाईचा उपयोग होतो. सकाळी दिवे लागण्यापूर्वी साय विरळ असते आणि संध्याकाळी ती सर्वांत दाट होते, म्हणून सायफन संध्याकाळी लावावा. बाजारात लाल सायीवरील पूड मिळते आणि तिने थर दोन-तीन दिवसांत जातोही, परंतु मेलेला थर कुजताना पाण्यातील ऑक्सिजन झपाट्याने खाली आणतो आणि मूळ कारण तसेच राहिल्याने साय काही आठवड्यांत परतते. कारण शोधून झाल्यावर, हवेच्या दगडाने पाण्यात भरपूर हवा सोडून, एकदाच वापरण्याचे ते साधन आहे.

बुळबुळीत तारा: येथे वाळू ढवळू नये

डायनोफ्लॅजेलेट बहुतेक वेळा अतिशय स्वच्छ पाण्यात येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) जोरात, फॉस्फेट शोषणारे ग्रॅन्युल्स भरलेले आणि दर आठवड्याला मोठा पाणीबदल, अशी शिस्तीची टाकी त्यांना मानवते, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे शेवाळ व जिवाणू तेथे जगू शकत नाहीत. अशा टाकीचा मालक तपकिरी थर पाहून आणखी सफाई करतो, आणखी पाणी बदलतो आणि दुखणे आणखी वाढते. मी वर सफाईच्या आधी ओळख असा आग्रह धरला तो मुख्यतः याच प्रकारामुळे.

ओळख पटली की पाणीबदल थांबवावा, फॉस्फेटचे ग्रॅन्युल्स काढून घ्यावेत, स्किमरचा जोर कमी करावा, खाद्य थोडे वाढवावे आणि गरज पडल्यास नायट्रेट व फॉस्फेट मोजून घालून नायट्रेट ५ ते १० व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत हळूहळू आणावे. विषासाठी सक्रिय कोळसा वापरावा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही (अतिनील) दिव्याचा चांगला परिणाम होतो. अँफिडिनियम वाळूतच राहतो आणि यूव्हीपर्यंत पोहोचत नाही. तेथे काही अनुभवी लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात, कारण वाळूवर जागेसाठी डायटम त्याच्याशी टक्कर देतात. एका प्रकारात जो शत्रू तोच दुसऱ्यात सोबती ठरतो, आणि म्हणूनच सर्व तपकिरी थरांना एकच औषध सांगणाऱ्यांवर विसंबू नये. हे काम आठवड्यांचे आहे आणि त्या काळात वाळू कुरूप दिसणार हे मनाशी धरूनच चालावे लागते.

नेहमीची सफाई कशी करावी

वाळूचा थर पाच सेंटीमीटरच्या आत असेल आणि टाकी निरोगी असेल तर नियमित सफाई उत्तमच. तिची खरी अडचण पाण्याच्या हिशेबाची आहे. ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावते आणि चार सेंटीमीटर थरासाठी साधारण २० ते २५ किलो वाळू लागते. आठवड्याचा दहा टक्के पाणीबदल म्हणजे १८ लिटर. जाड नळीचा सायफन एवढे पाणी दोन-तीन मिनिटांत बाहेर काढतो, आणि तेवढ्या वेळात वाळूचा एक कोपराही नीट होत नाही. म्हणून लोक घाई करतात, वाळू अर्धवट ढवळून सोडून देतात आणि उडालेली घाण पुन्हा वाळूवरच बसते.

यावर उपाय असा, की सायफनची नळी बादलीत न सोडता संपमधील (मुख्य टाकीला जोडलेल्या, गाळण्याच्या टाकीतील) बारीक फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळण्याच्या पिशवीत, सोडावी. सॉक घाण आणि उडालेले वाळूचे कण धरून ठेवतो, पाणी टाकीत परत जाते, आणि वेळेचे बंधन राहत नाही. संप नसेल तर स्वच्छ बादलीवर सॉक क्लिपने अडकवून गाळलेले पाणी लहान पंपाने परत पाठवता येते. मात्र त्या बादलीला कधी साबण लागलेला नसावा. काम संपल्यावर सॉक लगेच काढून धुवावा. घाणीने भरलेला सॉक दोन दिवस तसाच राहिला तर काढलेली घाण पुन्हा पाण्यात विरघळते.

प्रत्यक्ष काम करताना वेव्हमेकर बंद करावेत. सायफनचे रुंद तोंड वाळूत थेट तळाच्या काचेपर्यंत न रोवता दोन-तीन सेंटीमीटर खाली न्यावे आणि थांबावे. रुंद भागात वाळू उकळत्या साबुदाण्यासारखी वर उसळते, तिच्यातून करडी-तपकिरी गढूळता वेगळी होऊन नळीत चढते आणि जड कण खाली परततात. कण नळीच्या अरुंद भागापर्यंत चढू लागले की नळी बोटांनी दाबून प्रवाह कमी करावा, कण बसले की पुन्हा सोडावा. तोंडातील पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरच पुढच्या जागी जावे. नळी दाबण्या-सोडण्याचा हा हात एकदा बसला की वाळू वाया जाणे जवळजवळ थांबते.

एका वेळी वाळूचा चौथा भाग, फार तर तिसरा भाग स्वच्छ करावा. समोरच्या काचेवर मार्करने तीन-चार बारीक खुणा करून ठेवल्या तर कोणता पट्टा कोणत्या आठवड्यात झाला हे विसरत नाही. वाळूतील जिवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करत असतात आणि वाळूत लहान किडे, गोगलगायींची पिल्ले, सूक्ष्म कवचधारी प्राणीही असतात. संपूर्ण थर एकाच दिवशी ढवळला तर ही वस्ती विस्कळीत होते आणि साठलेली पोषकद्रव्ये एकदम पाण्यात येतात, ज्यावर पुढच्या आठवड्यात नवा थर पोसला जातो.

दगड वाळूवर ठेवलेले असतील तर त्यांच्या बुडाखाली नळी नेऊ नये. खोदणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी दगडांखालची वाळू तशीही उपसत असतात, म्हणून मांडणी करतानाच दगड तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती वाळू पसरणे हा पक्का नियम समजावा.

बाजूच्या काचेतून वाळू वाचणे

वाळूचा थर कसा आहे हे वरून कळत नाही, बाजूच्या काचेतून कळते. काचेला लागून वाळूत हिरव्या-जांभळ्या पट्ट्या दिसतात तेव्हा अनेक जण घाबरतात. उजेड काचेतून जेथवर शिरतो तेथवरच त्या असतात. काळी पट्टी चिकटवून काचेचा तो भाग झाकला की काही दिवसांत जातात. बारीक बोगदे दिसले तर किडे काम करत आहेत असे समजून आनंद मानावा. थरात अडकलेले लहान बुडबुडे बहुधा नायट्रेटचे विघटन होऊन सुटलेल्या नायट्रोजनचे असतात आणि तेही चांगले लक्षण आहे.

काळे-करडे डाग मात्र गंभीरपणे घ्यावेत. जेथे ऑक्सिजन अजिबात पोहोचत नाही तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो लोहाशी संयोग पावला की वाळू काळी दिसते. असा डाग जागच्या जागी असेपर्यंत त्याचा उपद्रव कमी असतो, कारण वर येणारा सल्फाइड ऑक्सिजनयुक्त पाण्यात लवकर नष्ट होतो. तो एकदम मोठ्या प्रमाणात उकरला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि मासे काही मिनिटांत धापा टाकू लागतात. डाग काढायचाच असेल तर सायफनचे तोंड थेट त्यावर दाबून, नळी मोकळी सोडून, वाळूसकट तो भाग बाहेर बादलीत काढावा. गाळून परत करू नये. त्या दिवशी सक्रिय कोळसा लावावा आणि पाण्यात हवा सोडावी.

डाग एखाद्या विशिष्ट ठिकाणी परत परत येत असेल तर तेथे बहुधा मेलेली गोगलगाय, सडलेले शेवाळ किंवा दगडाखाली साचलेले खाद्य असते. वीज जाण्याचा संबंधही विसरू नये. पंप बंद पडले की वाळूकडे जाणारा ऑक्सिजन थांबतो, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलेले असेल तर मुळातच पाण्यात ऑक्सिजन कमी असतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना तो लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप हा वाळूच्या निगेचाच भाग मानावा.

वाळू हलवणारे प्राणी

नॅसारियस गोगलगायी दिवसभर वाळूत गाडून राहतात आणि खाद्याचा वास येताच सोंडा वर काढून बाहेर येतात. त्यांच्या या हालचालीने वरचा थर मोकळा राहतो. सेरिथ गोगलगायी वाळूवरील डायटम खातात. शंभर-दोनशे लिटरसाठी या दोन्हींचे मिळून दहा-बारा नग पुरेत. डायमंड गोबी, म्हणजे व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस, वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून सोडतो आणि तिला लख्ख करतो, परंतु तो त्या वाळूतील जीव खाऊन जगतो. लहान टाकीत ते लवकर संपतात आणि मग त्याला दिवसातून दोनदा खाऊ घातले नाही तर तो खंगत जातो. तो प्रवाळांवर वाळू टाकतो आणि उडीही मारतो, म्हणून झाकण हवेच. ॲस्ट्रोपेक्टन जातीचा वाळू चाळणारा तारामासा दुकानात स्वस्त मिळतो आणि घरगुती टाकीत काही महिन्यांत उपासमारीने मरतो. तो विकत घेऊ नये असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

समुद्री काकडी वाळू फार सुंदर स्वच्छ करते हे खरे. परंतु भारतात सर्व समुद्री काकड्या २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी ती दिसली तरी उचलू नये, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नये.

खोल थर, घट्ट झालेली वाळू आणि वाळू बदलणे

काही टाक्यांत दहा ते पंधरा सेंटीमीटरचा खोल थर नायट्रेट कमी करण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. मोनॅको येथील सागरी संस्थेशी निगडित जाँ जोबेर यांनी १९८० च्या दशकात वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धत मांडली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीशिवाय बारीक वाळूचा खोल थर लोकप्रिय केला. अशा थराचा फक्त वरचा एक सेंटीमीटर मोकळा करावा. खाली काय चालले आहे त्यात हात घालू नये. सात-आठ सेंटीमीटरची मधली जाडी मला सर्वांत गैरसोयीची वाटते. ती तळापर्यंत सुरक्षितपणे धुता येत नाही आणि नायट्रेट घटवण्याइतकी भरवशाचीही नसते.

वाळू सिमेंटसारखी गठ्ठ्यांत बांधली जात असेल तर ती घाण नाही. अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) फार वाढवली, चुन्याचे पाणी एकाच जागी ओतले किंवा मॅग्नेशियम खाली आले, की पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट वाळूच्या कणांवर जमून त्यांना जोडते. मॅग्नेशियम लिटरला १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचच्या (तिच्या नेहमीच्या एककात) आसपास ठेवावी, द्रव जोराच्या प्रवाहात थेंबाथेंबाने सोडावे आणि गठ्ठे हाताने फोडून थोडे थोडे बाहेर काढावेत. वाळू व्हिनेगरमध्ये धुण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. अरॅगोनाइट आम्लात विरघळते.

वर्षानुवर्षे हात न लावलेला थर आता स्वच्छ करायचा असेल किंवा वाळू बदलायचीच असेल, तर टाकीचे पाच-सहा उभे पट्टे धरून दर आठवड्याला एक पट्टा काढावा. पाणीबदलाच्या वेळीच रुंद नळीने वाळू पाण्यासकट बादलीत ओढून घ्यावी, ती पुन्हा वापरू नये. नवी वाळू आर.ओ. पाण्यात निवळ येईपर्यंत धुऊन, एका जाड पीव्हीसी नळीतून थेट तळावर सोडावी, म्हणजे ती पाण्यात उडत नाही आणि प्रवाळांवर बसत नाही. जुन्या थरावर भर घालायची असेल तर एका वेळी सेंटीमीटरभरच घालावी, कारण खालच्या जीवांना वर येण्याची वाट लागते. प्रत्येक पट्ट्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया तपासावा. आकडा शून्य असेल आणि मासे नेहमीसारखे खात असतील तरच पुढचा पट्टा घ्यावा, अन्यथा आणखी एक आठवडा थांबावे.